गोधडीचा रंग सुटला, आता काय?

घट बसायच्या आधीच्या आठवड्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात जा. घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण बाहेर निघालेलं दिसेल. दसऱ्याची धुणी! जाफराबादला तर केळणा आणि धामणा या दोन नद्या गावापाशीच एकमेकींना भेटतात. पाऊसकाळ बरा झाला असेल तर नदीवर, नाहीतर हापशावर, नाहीतर टाकी भरून अंगणात, पण धुणी निघतातच. चादरी, सतरंज्या, वाकळा, गोधड्या. भिजलेली गोधडी इतकी जड होते की पिळायला दोघी लागतात. एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला.

समजा, अशीच एक गोधडी तुमच्या घरची आहे. खाली आजोबांच्या जुन्या धोतराचं पांढरं कापड. त्यावर आजीच्या जुन्या लुगड्यांचे निळे, हिरवे, जांभळे तुकडे. आणि अगदी मधोमध एक झकास लाल चौकोन. तो कुठून आला? कुणीतरी आईची ओटी भरली तेव्हा मिळालेल्या नव्याकोऱ्या ब्लाऊजपीसचा. गोधडी धुतली, पिळली, भिंतीवर टाकली. संध्याकाळी बघतो तर लाल चौकोनाभोवती गुलाबी डाग पसरलेला आणि शेजारचं धोतर पार बिघडलेलं.

आई म्हणते, रंग सुटला. आजी म्हणते, कापडच कच्च्या रंगाचं होतं. दोघींचं बरोबर आहे. पण थोडं थांबून विचार करा. त्याच गोधडीत जांभळं लुगडं होतं, गर्द हिरवं लुगडं होतं. त्याच पाण्यात भिजलं, तोच साबण लागला, तेच ऊन लागलं. त्यांचा रंग का नाही सुटला?

हे कोडं सोडवायचं तर आधी कापसाच्या आत शिरावं लागेल. जाफराबादच्या शिवारात कापूस तुम्ही पाहिलेला आहेच, वेचलाही असेल. बोंडातला एक तंतू सोडवून बोटांत धरा. त्याची जाडी साधारण १५ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात असे साठ-सत्तर तंतू शेजारी-शेजारी मावतील. हा तंतू कशाचा बनलाय? सेल्युलोजचा. आणि सेल्युलोज कशाचं? ग्लुकोजचं! थकल्यावर आपण जे पाण्यात घालून पितो, तेच ग्लुकोज. त्याचे हजारो रेणू एकापुढे एक जोडले की सेल्युलोजची एक लांब साखळी होते. अशा असंख्य साखळ्या एकमेकींना बिलगून बसल्या की कापसाचा तंतू होतो. म्हणजे आपण रात्री जी गोधडी पांघरतो, ती साखरेच्याच एका प्रकारापासून विणलेली असते. मुंग्या मात्र तिला लागत नाहीत, कारण या साखळ्या तोडून त्यातली साखर मोकळी करणं त्यांना जमत नाही.

कोरड्या तंतूत या साखळ्या दाटीवाटीनं बसलेल्या असतात. पाणी लागलं की तंतू फुगतो आणि साखळ्यांच्या मध्ये बारीक बारीक फटी पडतात. किती बारीक? काही नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. रंगाचा एक रेणू एक-दोन नॅनोमीटर लांब असतो, त्यामुळे तो या फटींतून आरामात आत शिरतो. कापड रंगवणं म्हणजे रंगाला या फटींत नेणं. आत नेणं तसं सोपं आहे. खरी मेहनत आहे ती त्याला आत टिकवण्यात.

गोठ्यात तीन करडं आहेत असं समजा. पहिलं दाव्यानं खुंट्याला पक्कं बांधलेलं. दुसरं बांधलेलं नाही, नुसतं खुंट्याला टेकून बसलेलं. तिसरं लहान असताना कुडाच्या फटीतून आत शिरलं आणि आत खाऊन-पिऊन असं गुबगुबीत झालं की आता त्याच फटीतून त्याला बाहेर पडता येईना. गोठ्याचं दार उघडं राहिलं तर कोणतं करडू पळेल?

दुसरं! सुती कापडाच्या रंगांतही अशा तीन तऱ्हा आहेत.

नुसता टेकून बसणारा रंग म्हणजे डायरेक्ट रंग. तो आणि कापसाचा धागा एकमेकांना हलकेच ओढून धरतात, पण ही ओढ काही पक्की गाठ नसते. पाणी आलं, त्यातही गरम पाणी आलं, की रंगाचे रेणू धागा सोडून पाण्यात उतरतात. या जातीचा पहिला प्रसिद्ध रंग १८८४ साली जर्मनीत पाउल ब्योटिगर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं शोधला. त्याचं नाव काँगो रेड. दिसायला लालभडक, पण आम्ल लागलं की चक्क निळा! तरीही कारखानदार त्याच्यावर खूश झाले, कारण कापड आणि रंग एकत्र उकळले की काम फत्ते. आधी तेल लावा, मग तुरटी लावा, अशी कसलीच खटपट नको.

दाव्यानं बांधलेला रंग म्हणजे रिअॅक्टिव्ह रंग. याच्या रेणूला एक रासायनिक आकडा असतो. पाण्यात सोडा घातला की तो आकडा सेल्युलोजच्या साखळीत अडकतो आणि रंग धाग्याचाच एक भाग होऊन जातो. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत रॅटी आणि स्टीफन या दोघांनी ही युक्ती शोधली आणि १९५६ साली हे रंग बाजारात आले. या सालात एक गंमत आहे. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८५६ मध्ये, लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचं क्विनाईन तयार करायची धडपड करत होता. औषध काही झालं नाही. भांड्याच्या तळाशी काळपट गाळ तेवढा उरला. तो धुताना पर्किनला त्यात सुंदर जांभळा रंग दिसला. कारखान्यात तयार होणाऱ्या रंगांचं युग तिथून सुरू झालं.

आणि कुडातून बाहेर पडू न शकणारं करडू? ती नीळ. निळीनं कापड रंगवणाऱ्या कारागिरांना महाराष्ट्रात निराळी म्हणत. नीळ एरवी पाण्यात विरघळतच नाही. कारागीर ती हौदात आंबवून तिचं रूप बदलायचे. त्या बदललेल्या रूपात ती विरघळायची आणि धाग्यात शिरायची. कापड हौदातून बाहेर काढलं की ते पिवळट-हिरवं दिसायचं, पण हवा लागता लागता डोळ्यांदेखत निळं व्हायचं! हवेतला ऑक्सिजन मिळाला की नीळ पुन्हा आपल्या मूळ रूपात येते, पाण्यात न विरघळणाऱ्या. तोवर ती धाग्याच्या आत असते. मग कितीही धुवा, पाण्याला ती विरघळवून बाहेर काढता येत नाही. जोरात घासलं तर वरवरची नीळ थोडी खरवडून निघते, ती गोष्ट वेगळी.

लाल रंगासाठी जुन्या लोकांकडे आणखी वेगळी युक्ती होती. आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून लाल रंग काढायचे. वऱ्हाड-खानदेशात या झाडाची लागवडसुद्धा व्हायची. कापडाला आधी तेल द्यायचं, मग तुरटीच्या पाण्यात बुडवायचं आणि नंतर रंगाच्या पाण्यात शिजवायचं. तुरटीत अॅल्युमिनियम असतं. ते एका बाजूनं धाग्याला धरतं, दुसऱ्या बाजूनं रंगाला. तिघांचं मिळून जे तयार होतं, ते पाण्यात विरघळत नाही. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. तो मंजिष्ठेच्या लाल रंगानं रंगवलेला होता. चार हजार वर्षांहून जुना रंग, आणि अजून ओळखू येतो! आपला ब्लाऊजपीस मात्र पहिल्याच धुण्यात रडतो.

आता म्हणाल, रिअॅक्टिव्ह रंग पक्का बांधलेला असतो ना? मग त्या रंगाचं नवं कापडही पहिल्या धुण्यात पाणी रंगवतं, ते का? कारण रंगवताना आजूबाजूला पाणीच पाणी असतं. रंगाच्या सगळ्याच रेणूंचे आकडे धाग्यात अडकत नाहीत, काहींचे पाण्याच्याच रेणूत अडकून बसतात. एकदा तसं झालं की त्या रेणूला धाग्याशी गाठ बांधता येत नाही. तो कापडात असतो, पण मोकळा. चांगल्या कारखान्यात रंगवल्यावर कापड गरम पाण्यानं आणि साबणानं पुन्हा पुन्हा धुऊन हे मोकळे रेणू काढून टाकतात. त्याला भरपूर पाणी लागतं, इंधन लागतं, पैसे लागतात. स्वस्त कापडाच्या बाबतीत हेच धुणं आखडतं घेतलं जातं. आणि लाल, मरून, काळा, गर्द निळा अशा रंगांसाठी मुळात रंगच जास्त ओतावा लागतो, म्हणून त्यांच्यात मोकळे रेणूही जास्त उरतात.

आता आपलं कोडं आठवा. जांभळ्या लुगड्याचा रंग का नाही सुटला? आजीनं ते वर्षानुवर्षं नेसलं, शेकडो वेळा धुतलं, दगडावर आपटलं, उन्हात वाळवलं. त्यातून जेवढा रंग सुटायचा होता, तो केव्हाच सुटून केळणेतून पूर्णेत आणि पूर्णेतून गोदावरीत गेला. मागे राहिले ते फक्त पक्के रेणू. गोधडीत येईपर्यंत त्या लुगड्याची परीक्षा कित्येकदा झालेली होती. ब्लाऊजपीस मात्र घडी मोडून थेट गोधडीत आला.

जुन्या कपड्यांची गोधडी म्हटलं की लोक काटकसर म्हणतात. काटकसर तर होतीच, आणि जुनं सुती कापड मऊ असतं हेही खरंच. पण ज्या कापडाचा रंग जाणार नाही याची खात्री झालेली आहे, तेवढंच कापड घ्यायचं, ही पारख मला फार मोठी वाटते. आजीला रेणू माहीत नसतील. पण कुठलं कापड धुण्याला टिकलंय हे तिला हातांनी आणि डोळ्यांनी माहीत होतं. आजकाल गोधडीत दोन नव्या गोष्टी शिरल्यात. एक म्हणजे ओटीत मिळालेले, कपाटात साठलेले ब्लाऊजपीस. दुसरी म्हणजे शिंप्याकडची कात्रणं. दोन्ही सुरेख, रंगीबेरंगी आणि दोन्ही एकदाही पाणी न लागलेली.

बरं, आणखी एक नवल. गोधडी धुताना डाग फारसा दिसत नव्हता. तो दिसला वाळल्यावर! असं का?

पांढऱ्या सुती चिंधीची एक लांब पट्टी घ्या. खालच्या टोकापासून दोन बोटं वर काळ्या स्केचपेनचा ठिपका द्या. आता फक्त खालचं टोक पाण्यात राहील अशी ती पट्टी पेल्यात टांगा. ठिपका पाण्यात बुडवायचा नाही. पाणी आपोआप वर चढायला लागेल, ठिपक्यापर्यंत पोचेल आणि रंगाला सोबत घेऊन आणखी वर जाईल. थोड्या वेळानं त्या एकाच काळ्या ठिपक्यातून निळा, जांभळा, कधी पिवळसर रंग वेगवेगळा झालेला दिसेल. वेगवेगळ्या रंगांची धाग्याशी ओढ वेगवेगळी असते. ज्याची ओढ कमी, तो पाण्याबरोबर लांब जातो. रशियाचे शास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असंच काहीसं करून झाडाच्या पानातले रंग वेगळे केले होते.

गोधडीत नेमकं हेच घडतं. गोधडी म्हणजे कापडाचे कितीतरी थर. तिच्या पोटातलं पाणी लवकर वाळत नाही. वरचा थर उन्हानं वाळतो, मग आतलं पाणी धाग्याधाग्यातून वर खेचलं जातं. येताना ते मोकळा रंग घेऊन येतं. पृष्ठभागावर पोचल्यावर पाण्याची वाफ होते, रंगाची होत नाही. तो तिथंच बसतो. म्हणून कधी कधी वरचं कापड धडधाकट असतं, पण आत भरलेल्या एखाद्या लाल चिंधीचा डाग वर उमटतो, आणि हा रंग आला कुठून हे घरात कुणालाच कळत नाही!

डागाची कडा जास्त गडद दिसते, तेही बघा. सांडलेल्या चहाचा डाग वाळला की त्याला कड येते, तसंच हे. कडेजवळचं पाणी भराभर उडतं, ती जागा भरायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि रंगाचं ओझं तिथं टाकतं. इतकी रोजची गोष्ट, पण तिचं नीट गणित शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली मांडलं.

आता आजी सांगेल, 'आरं, पहिल्या धुण्याला मूठभर मीठ टाकावं, रंग जात नाही.' खरं की खोटं? आजीला विचारून नव्या लाल कापडाचे दोन सारखे तुकडे कापा. सारख्या दोन वाट्यांत सारखं पाणी घ्या. एकीत दोन-तीन चमचे मीठ विरघळवा. तुकडे टाका आणि तासाभरानं बघा. कापडाला डायरेक्ट रंग असेल तर मिठाच्या वाटीतलं पाणी बहुधा कमी लाल झालेलं दिसेल. म्हणजे आजी जिंकली! पण आता मिठाच्या वाटीतला तुकडा काढून साध्या पाण्यात टाका. थोड्याच वेळात हे पाणीही लाल व्हायला लागेल.

झालं काय? सुती धाग्यावर पाण्यात थोडा ऋण विद्युतभार येतो. रंगाच्या रेणूवरही ऋणभारच असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून रंग धाग्यापासून दूर जातो. मिठातले सोडियमचे आयन धनभारित असतात. ते मध्ये शिरून हे ढकलणं कमी करतात. रंगारीसुद्धा रंग धाग्यावर चढावा म्हणून हौदात भरपूर मीठ टाकतात. मीठ रंगाला धाग्यापाशी थोपवून धरतं, पण गाठ बांधत नाही. मीठ धुऊन गेलं की रंग पुन्हा मोकळा. व्हिनेगरचंही तसंच. लोकर आणि रेशमाच्या काही रंगांना आम्लाचा उपयोग होतो, सुती गोधडीला नाही.

मग बिघडलेल्या गोधडीचं काय करायचं? ती अजून ओली असेल तर वाळू देऊ नका. ही पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. वाळलेला डाग काढणं जास्त अवघड. ओल्या गोधडीचा बोळा करूनही ठेवू नका, कारण लाल तुकडा पांढऱ्याला चिकटून जितका वेळ पडून राहील तितका रंग तिकडे सरकेल. घरातलं सगळ्यांत मोठं भांडं काढा. पिंप, टाकी, जे असेल ते. आंघोळीच्या पाण्याहून गरम पाणी आणि त्यात कपड्यांची पावडर. हे काम मोठ्यांनीच करायचं, गरम पाणी आणि भिजलेली गोधडी दोन्ही तुमच्या हातातली नाहीत. गोधडी पूर्ण बुडली पाहिजे. एखादा कोपरा जरी वर राहिला तरी पाणी तिकडे चढेल आणि रंग तिथं नेऊन ठेवेल. ते कसं, हे तुम्ही पट्टीच्या प्रयोगात पाहिलंच आहे. पाणी लाल झालं की बदला. पुन्हा भिजवा. रात्रभर भिजली तरी चालेल. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच करत राहायचं.

गरम पाणी कशाला? गरम पाण्यात रंगाचे रेणू जोरात हलतात आणि धागा लवकर सोडतात. भरपूर पाणी अशासाठी की सुटलेला रंग त्यात विरळ होऊन जावा. थोड्या पाण्यात रंगाची दाटी होते आणि तो पुन्हा कुठल्यातरी कापडावर जाऊन बसतो. नदीच्या वाहत्या पाण्यात धुणाऱ्या बायकांना ही दुसरी सोय फुकट मिळायची, पाणी रंगाला थांबूच देत नसे. पण साबणाचं आणि रंगाचं पाणी नदीत सोडणं बरं नाही, खालच्या गावची गुरं तेच पाणी पितात. आणि मराठवाड्यात एवढं पाणी उन्हाळ्यात मागायला जाऊच नका. हे काम पावसाळ्यानंतरचं. धुऊन झाली की गोधडी भिंतीवर न टाकता बाजेवर सपाट पसरा. उभी टांगली तर सगळं पाणी खालच्या तुकड्यांत उतरतं. बाजेच्या विणीतून खालूनही वारा लागतो आणि गोधडी लवकर वाळते.

ब्लीच मात्र अजिबात नको. ते रंगाचे रेणू तोडतं, पण कुठला डागाचा आणि कुठला आजीच्या लुगड्याचा, हे त्याला कळत नाही.

आणि गोधडी अजून शिवायची असेल तर किती सोपं! प्रत्येक नवा तुकडा आधी वेगवेगळा गरम पाण्यात भिजवा. मग पांढऱ्या धोतराची ओली चिंधी त्यावर दाबून दहा मिनिटं ठेवा. चिंधी पांढरीच राहिली तर तुकडा पास. गुलाबी झाली तर पुन्हा भिजवा. तीन-चारदा धुऊनही रंग जातच राहिला, तर त्या तुकड्याची पिशवी शिवा, गोधडीत घेऊ नका. ही तपासणी करायचं काम तुम्ही मागून घ्या. वहीत प्रत्येक तुकड्याचा छोटा नमुना चिकटवा आणि त्याच्यासमोर त्याची चिंधी.

तपासताना एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. काही चमकदार साड्यांचे तुकडे लालभडक असूनही चिंधीला जराही रंग लावणार नाहीत. त्या साड्या बहुतेक पॉलिएस्टरच्या. पॉलिएस्टरच्या धाग्यात पाणी शिरतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून कारखान्यात दाबाखाली पाणी १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून रंग त्यात घुसवतात. धागा गार झाला की रंग आत कोंडला जातो आणि बादलीतल्या पाण्याला तो बाहेर काढता येत नाही. अशा साड्यांच्या गोधडीचा रंग धुण्यात सहसा जात नाही, पण ती घामही टिपत नाही. तिच्यावर कडक इस्त्री मात्र फिरवू देऊ नका. १८० अंशांच्या पुढे या रंगांतले काही रंग विरघळण्याच्या भानगडीत न पडता थेट वाफ होतात आणि शेजारच्या पांढऱ्या कापडावर जाऊन बसतात. पाण्याचा एक थेंबही न लागता!